‘ढोपर दुखता’ म्हणाला, आणि दुखत होता खुबा

पत्राचा सारांश: डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) वेळी वडिलांबरोबर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन येताना तो डावा पाय ओढतोय हे तिला दिसलं. विचारलं की ‘ढोपर दुखता’ म्हणायचा, तेही खेळून आल्यावरच. गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. ‘वाढीचं वय आहे’ म्हणून कॅल्शियमचं सिरप मिळालं. सासूबाईंनी शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडून तेल लावून घेतलं. साडेतीन महिने असे गेल्यावर एका डॉक्टरांनी पाय फिरवून पाहिला, खुब्याचा एक्स-रे काढला आणि ‘पर्थेस’ असं नाव सांगितलं. ते म्हणाले, उड्या बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, ऑपरेशन करून टाकू. सासूबाईंचं म्हणणं तिसरंच : मे महिन्यात तू त्याला साकवावरून (लहान पुलावरून) नदीत उड्या मारू दिल्यास, त्याचं हे फळ. आई गेले तीन आठवडे मुलाला शाळेत न पाठवता अंथरुणात ठेवून आहे. वर्षभरासाठी नाव काढू का, कोणत्या डॉक्टरांचं ऐकू, आणि हे माझ्यामुळे झालं का, असे तिचे प्रश्न आहेत.

ताई,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. त्यात ‘माझंच चुकलं’ सहा वेळा आलंय आणि ‘खुबा’ फक्त दोनदा. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते.

त्या दिवशी साकवावरून किती मुलं उड्या मारत होती? तुम्हीच लिहिलंय, अख्खा वाडा होता. मग पाय एकाचाच का ओढायला लागला? आणि उडी मे महिन्यातली, लंगडणं चवथीचं. पडल्यामुळे हाडाला काही झालं असतं तर मूल त्याच संध्याकाळी पाय टेकवताना रडलं असतं. सासूबाईंना कारण हवं होतं, त्यांना साकव सापडला. तुम्हालाही कारण हवं होतं म्हणून तुम्ही तो मान्य केलात. आपल्या हातून काही चुकलं असं मानलं की निदान जगाला काही हिशेब आहे असं तरी वाटतं. या आजाराला तसा हिशेब नाही.

खुबा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. पर्थेसमध्ये या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा काही काळ तुटतो आणि तिथलं हाड मरतं. पुढे रक्त आपोआप परत येतं, शरीर मेलेलं हाड हळूहळू खाऊन टाकतं आणि त्या जागी नवं भरतं. या सगळ्याला दोन ते चार वर्षं लागतात. रक्त मुळात तुटतं का, हे आजवर कुणालाही ठामपणे सांगता आलेलं नाही. चार ते आठ या वयात तो जास्त दिसतो, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये चार-पाच पट. तो संसर्ग नाही, कॅन्सर नाही, कॅल्शियम कमी पडल्याने होत नाही. धाकट्या मुलीला लागेल का असं तुम्ही विचारलंय, तर नाही, लागत नाही.

घरातल्या विडी-सिगारेटच्या धुराशी या आजाराचा संबंध काही पाहण्यांत दिसलाय. संबंध म्हणजे कारण नव्हे. मुलाचे वडील अंगणात ओढतात की खोलीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. खोलीत ओढत असतील तर आजपासून बाहेर, एवढंच. हे वाचून आता खापर साकवावरून उचलून त्यांच्या डोक्यावर फोडू नका.

गुडघ्याचं आता. मी ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही, पण सव्वीस वर्षं लहान मुलांना व्यायाम शिकवण्यात काढली आहेत. ‘आधी महिनाभर गुडघाच शेकत होतो’ हे वाक्य इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता आश्चर्य वाटत नाही, राग मात्र अजून येतो. खुब्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणारी एक नस सामाईक आहे. त्यामुळे बिघाड वर असतो आणि मूल बोट खाली ठेवतं. ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तिथे दुखत असतं. पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याबरोबर खुबाही फिरवून पाहायला हवा होता. ते साडेतीन महिने वाया गेले नसते तर बरं झालं असतं, हे मी गोड करून सांगणार नाही. पण त्यांनी सगळं संपलं असंही नाही, कारण आजार वर्षांच्या मापाने चालतो.

हे वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठीही थोडं लिहिते. मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस लंगडतंय, गुडघ्यात काही सापडत नाही, तर खुब्याचा एक्स-रे मागा. तो दोन्ही खुब्यांचा हवा, एकदा पाय सरळ ठेवून आणि एकदा बेडकासारखे फाकवून. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो. संशय राहिला तर एमआरआय करतात. सर्दी-पडसं होऊन गेल्यावर खुब्याला तात्पुरती सूज येते, मूल चार-आठ दिवस लंगडतं आणि बरं होतं, हेही नेहमीचंच. मात्र ताप आहे आणि मूल पाय टेकवतच नाही, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो, तिथे तास मोजायचे असतात. आणि दहा ते चौदा वयाचं, अंगाने जाड मूल मांडी किंवा गुडघा धरून लंगडू लागलं तर त्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या. त्या वयात गोळा हाडावरून सरकण्याचा वेगळाच आजार असतो.

आता दोन डॉक्टर. तुम्ही लिहिलंय, ‘एकाला कळतंय आणि एकाला कळत नाही, पण कोणाला ते मला कळत नाही.’ दोघांनाही कळत असेल, असं धरून बघा.

तुमच्या भागात चिकणमातीचे गणपती करतात. साच्यात माती दाबली की ती जरा घट्ट होईपर्यंत साच्यातच ठेवावी लागते. ओली असताना बाहेर काढली आणि कशीही टेकवली तर सोंड बसते, पोट चपटं होतं, आणि मग वाळल्यावर काही करता येत नाही. पर्थेसमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा वर्ष-दीड वर्ष तसा ओल्या मातीसारखा असतो. त्याचा साचा म्हणजे कमरेची वाटी. गोळा वाटीत नीट बसून फिरत राहिला तर नवं हाड भरताना तो गोल भरतो. एका बाजूने वाटीबाहेर डोकावू लागला की कडेवर दाबला जाऊन चपटा होतो. रक्त परत आणणारं औषध नाही, तसं ऑपरेशनही नाही. जे काही करतात ते गोळा साच्यात राहावा म्हणून. कधी दोन्ही पाय फाकवून मध्ये काठी घातलेलं प्लास्टर, कधी मांडीचं हाड वरच्या बाजूला कापून थोडं आत झुकवून पट्टी-स्क्रू, कधी वाटीच्या वरचं हाड कापून वाटीच पुढे वळवणं.

म्हणजे ‘थांबून पाहू’ म्हणणारे डॉक्टर काहीच करत नाहीत असं नाही. गोळा अजून साच्यात आहे, तो बाहेर येतोय का ते बघू, असं ते म्हणताहेत. आणि ऑपरेशन सांगणारे म्हणताहेत, तो बाहेर येईल असं मला वाटतं, माती ओली आहे तोवर हात घालू. कारण एकदा चपटा होऊन वाळला की त्याच ऑपरेशनचा उपयोग फार कमी. थांबण्याला मुदत असते ती अशी.

कुणाला कशाचा फायदा होतो हे मुख्यतः आजार सुरू झाला तेव्हाच्या वयावर आणि गोळ्याच्या बाहेरच्या कडेचं हाड किती टिकलंय यावर ठरतं. सहाच्या आतली मुलं बहुतेक नुसत्या देखरेखीवर चांगली होतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००४ साली एक मोठा अभ्यास छापला. त्यात आठ वर्षांवरच्या आणि बाहेरची कड मध्यम खचलेल्या मुलांना ऑपरेशनचा स्पष्ट फायदा दिसला. आठच्या आतली तशीच मुलं ऑपरेशन करो न करो, सारखीच चांगली राहिली. आणि कड पूर्ण खचलेल्यांना कशानेच फारसा फरक पडला नाही. तुमचा मुलगा सात वर्षांचा. बरोबर कुंपणावर. म्हणून दोन जाणकार दोन गोष्टी सांगताहेत, त्यात फसवाफसवी असलीच पाहिजे असं नाही.

‘ऑपरेशन करू की नको’ असा प्रश्न घेऊन गेलात तर उत्तर हो-नाहीत येईल आणि तुम्ही आहात तिथेच राहाल. दोघांनाही हेच विचारा : आजार कोणत्या टप्प्यात आहे? गोळ्याची बाहेरची कड किती उंच राहिली आहे? गोळा वाटीबाहेर येतोय का, एक्स-रेवर मला दाखवाल? पाय बाजूला आणि आत किती वळतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं ठरलं तर नेमकं काय दिसल्यावर आपण थांबणं थांबवू? शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर ज्यांच्याकडे मिळेल त्यांच्याकडे मी जाईन. ऑपरेशन सांगणाऱ्यांना हेही विचारा की किती आठवडे पाय टेकवायचा नाही (साधारण सहा धरा), पुढे पट्टी काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल का, आणि पाय किती आखूड होईल.

तिसरं मत हवं असेल तर ते मुलांच्या हाडांचा वेगळा अभ्यास केलेल्या तज्ज्ञाचं घ्या. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) अस्थिरोग विभागात विचारता येईल. आणि हा आजार आपल्या किनाऱ्याला परका नाही. मणिपालच्या डॉक्टरांनी खाली उडुपीच्या बाजूच्या किनारी खेड्यांत तो बराच आढळतो हे १९८० च्या दशकातच मांडलं आणि शेकडो मुलांचे एक्स-रे वर्षानुवर्षं जपून अभ्यासले. मडगावहून कोकण रेल्वेने उडुपी दूर नाही. खर्चाचं म्हणाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) कार्ड घरात आहे का बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख असं त्या योजनेचं कवच आहे. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी, हे ऑपरेशन आणि हे रुग्णालय त्यात बसतं का, ते काउंटरवर विचारून घ्या.

आता अंथरुण. इथे सासूबाईंच्या बाजूने थोडं बोलते, त्यांना हे वाचून दाखवा हवं तर. ‘आडवं ठेवा पोराला’ हा सल्ला अडाणीपणाचा नाही, फक्त जुना आहे. १९१० साली बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्वे आणि जर्मनीचे पर्थेस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा आजार खुब्याच्या क्षयाहून वेगळा असल्याचं मांडलं. त्याआधी ही मुलं क्षयाचीच समजली जात. आणि ओळख पटल्यावरही पुढची कित्येक दशकं मोठमोठे डॉक्टर या मुलांना महिनोन् महिने, काहींना वर्षं, खाटेला खिळवून ठेवत. वजन पडलं नाही तर गोळा चपटा होणार नाही, असा सरळ हिशेब. पण गोळा चपटा व्हायचा तो झालाच, आणि वर पाय बारीक झाले, सांधे आखडले, शाळा गेली. खुब्यात गोळा फिरत राहणं हेच त्याला गोल ठेवतं. खाटेवर तो फिरत नाही.

म्हणून नाव काढू नका. सोमवारपासून शाळेत पाठवा. दुखणं फार वाढलं, सांधा अगदी आखडला, तर डॉक्टर काही दिवस विश्रांती किंवा कुबड्या सांगतील, ते वेगळं. एरवी धावणं आणि उड्या बंद, चालणं चालू. पोहणं उत्तम, सायकल उत्तम. (नदीत पोहू दे. साकवावरून नको, पायऱ्यांवरून उतरू दे.) फुटबॉल तूर्त नाही. त्याच्या सरांनी ‘मग गोलकीपर करतो’ म्हटलंय असं तुम्ही लिहिलंय. सरांचा जीव आहे मुलावर, पण गोलकीपरइतकं आपटून घेणारं दुसरं कोण असतं मैदानावर?

शाळेत मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि चार गोष्टी बोला : वर्ग तळमजल्यावर, बसायला जमिनीऐवजी बाक, शौचालय कमोडचं, आणि बालरथात (शाळेच्या बसमध्ये) चढता-उतरताना कुणाचा तरी हात. पीटीच्या तासाला त्याला वर्गात एकटं बसवू नका म्हणावं. शिट्टी, गुणांचा कागद, काहीतरी हातात द्या.

घरी एक काम तुमचं. रविवारी रात्री त्याला पाठीवर झोपवा. गुडघे वाकवून दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवा आणि गुडघे बाजूला पडू द्या, फुलपाखराच्या पंखांसारखे. दाबायचं नाही. उजवा गुडघा गादीच्या जवळ जाईल, डावा वर राहील. गादी आणि डावा गुडघा यांच्यामध्ये तुमच्या किती मुठी बसतात ते मोजा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या रविवारच्या चौकोनात लिहा. दोन, दोन, तीन, दोन, असं चाललं तर ठीक. सलग तीन रविवार आकडा वाढत गेला किंवा अचानक दोनाचा चार झाला, तर तीन महिन्यांच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. आखडत जाणारा खुबा ही गोळा बाहेर निघत असल्याची पहिली खूण असू शकते. मापाच्या पट्टीपेक्षा ही मुठीची पद्धत मला नेहमी खरी वाटत आलीय, कारण आई ती विसरत नाही आणि मुलाला खेळ वाटतो. व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, लिहून कळण्यासारखे नाहीत.

तेल लावायला माझी हरकत नाही. कोमट खोबरेल, आजीचा हात, पाच मिनिटं. त्याने हाड भरत नाही, पण मूल झोपतं. हाडवैद्याकडे मात्र पुन्हा नको. ओढून, झटका देऊन ‘बसवण्यासारखं’ तिथे काही निसटलेलं नाही. सासूबाईंनी देवळात प्रसाद लावला (देवाचा कौल मागितला) आणि पाकळी उजवीकडून पडली, हे तुम्ही जरा चिडून लिहिलंय. चिडू नका. त्यांनाही झोप येत नाही, म्हणून त्या देवळात जातात. एक करा, पुढच्या एक्स-रेला त्यांनाच बरोबर न्या. पडद्यावर गोळा बघितला की साकव त्यांच्या डोक्यातून आपोआप उतरेल. माझ्यापेक्षा तो एक्स-रे चांगलं समजावतो.

पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. बहुतेक मुलं चालतात, शाळा-कॉलेज करतात, खेळतातसुद्धा. गोळा ज्यांचा गोल राहतो त्यांना पुढे फारसा त्रास होत नाही. ज्यांचा चपटा होतो त्यांचा सांधा मध्यम वयात झिजू शकतो, काहींना तेव्हा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. तुमचा मुलगा यातला कोणता, हे आज नाही, वर्ष-दोन वर्षांनी एक्स-रेवर कळेल.

आणि त्याला स्वतःला कुणी काय सांगितलंय? चार पानांत त्याच्याशी कोण काय बोललं ते कुठेच नाही. त्याच्यासमोर उडीवरून भांडणं झाली आहेत, त्याला तीन आठवडे खेळू दिलेलं नाही. सात वर्षांच्या मुलाने यातून काय समजायचं ते तो समजला असेल : मी उडी मारली म्हणून आई रडते. चवथीच्या मातीचं त्याला सांगा. तुझ्या पायाच्या आत एक गोळा आहे, तो सध्या ओला आहे, वाळेपर्यंत आपण त्याला जपायचं, यात तुझी चूक नाही. तो विचारेल, किती दिवस? ‘दोन-तीन चवथी’ म्हणा. ‘लवकरच’ म्हणू नका, मुलं ‘लवकरच’ मोजत बसतात.

पत्राच्या शेवटी, समासात, वेगळ्या शाईने तुम्ही विचारलंय की शिगम्यात त्याला रोमटात (ढोलताशांच्या मिरवणुकीत) नाचता येईल का, तो रोज विचारतो. यंदा नाही, ताई. नाचताना उड्याच असतात सगळ्या. पण वाड्याच्या मेळात ताशा वाजवणारं कुणीतरी असेल, आणि टेम्पोत ढोलांच्या बाजूला बसायला एक जागाही. तालमी सुरू व्हायच्या आत त्यांना विचारून ठेवा, म्हणजे त्याला हात बसवायला महिनाभर मिळेल.